दोरातला निळा धागा

माय,

तुझे गुडघे आता कसे आहेत? तिकडे तरी खाली बसून चूल फुंकावी लागत नसेल, असं मी धरून चालते. बाचा खोकला? हिवाळा लागला की तू अडुळशाचा काढा घेऊन त्याच्या मागे फिरायचीस आणि तो गोठ्यात जाऊन लपायचा. आत्याबाईंचा राग उतरला का, की तिथंही भिंतीकडे तोंड करून जेवतात? आणि आमच्या घरचे. त्यांना तिकडे येऊन चार वर्षं होत आली. चहात साखर मागतील, देऊ नको. डॉक्टरनं परवानगी दिली म्हणून सांगतील, ते खोटं आहे. माझं म्हणशील तर दात गेले, भूक राहिली. बाकी ठीक.

मी शाळेची पायरी चढले नाही हे तुला ठाऊक आहे. पोरांच्या पुस्तकांवरून आणि यांच्या रेल्वेच्या कागदांवरून अक्षरं शिकले, म्हणून लिहायला बसलं की अशी परीटघडीची भाषा उतरते. बोलण्यात अजून आपलं मले-तुलेच आहे. तुला वाचता येत नाही, तेव्हा यांच्याकडून वाचून घे. नाहीतर नकोच. यांच्यासमोर वाचण्यासारखं हे पत्र नाही. पुढे वाचशील तर कळेल.

या उन्हाळ्यात नातीनं मला विलायतेला नेलं. माझ्या थोरलीची ही मुलगी, तिकडे दवाखान्यात नर्स आहे. नदी जिथं समुद्राला मिळते तिथलं गाव. लाल विटांची घरं टेकडीवर पायऱ्यांसारखी चढत गेलेली, आणि खाली पाणी. त्या नदीची एक तऱ्हा सांगते. दिवसातून दोनदा ती उलटी वाहते. समुद्र भरला की पाणी वर चढतं, ओसरला की नुसता चिखल उरतो आणि होड्या त्या चिखलात रवंथ करणाऱ्या म्हशींसारख्या कलून बसतात. वैनगंगेनं एवढ्या जन्मात असा उलटा पाय घेतला नाही. काठावर बाकं आहेत, बाकांवर माझ्या वयाच्या म्हाताऱ्या कुत्री घेऊन बसतात आणि ओळख नसताना हसतात. पांढरे पक्षी इतके निर्ढावलेले की माझ्या हातातला तळलेला बटाटा एकानं उचलून नेला. मी त्याला आपल्या भाषेत शिवी दिली, तर शेजारची म्हातारी मान हलवून हसली. तिला कळली असावी.

तिथं आरमाराची फार जुनी गोदी आहे. राजांची लढाईची जहाजं तिथं बांधली गेली. आता जहाजं बांधणं बंद, तिकीट काढून बघायचं. कोरड्या दगडी खड्ड्यात उभी केलेली जहाजं, आणि उलट्या होडीच्या पोटासारखी छपरं असलेल्या लाकडी कामशाळा. एका जहाजाच्या फळीवर हात ठेवून नात म्हणाली, "आजी, सागवान! तुमच्या आलापल्लीचं असेल." मी म्हटलं, "सागवान दिसलं की आलापल्लीचं, न् बाई दिसली की तुह्यी मावशी, असं नसते वो." ती हसली. तोवर माझा दिवस चांगला चालला होता.

मग आम्ही दोर वळायच्या कामशाळेत शिरलो. माय, तू पाहायला हवी होतीस. एकच इमारत, पण एवढी लांब की पलीकडच्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसतो. आतले कामगार या टोकाहून त्या टोकाला सायकलवर जातात. जेवढा लांब दोर हवा तेवढी लांब जागा लागते, हे तू अंगणात उलट्या पावली चालत बाभळीपर्यंत जायचीस तेव्हापासून मला माहीत आहे. दारातच वास आला, वाळलेल्या तागाचा. माझे पाय जागीच थांबले.

दाखवणारा माणूस पांढऱ्या दाढीचा, गमत्या. त्यानं लोखंडी आकड्यांना दोराचे तीन पेड लावले, तिघांच्या मधे खाचा पाडलेला लाकडी लट्टू धरला आणि आमच्यातलं कोणी पुढे येतं का विचारलं. अगदी तुझ्या लट्टूसारखा, माय. फक्त तुझा बानं तासून दिलेला बोराच्या लाकडाचा होता. नातीनं मला पुढे ढकललं. त्यानं काहीतरी विचारलं, तिनं मला सांगितलं, "आजी, तो विचारतो, आधी कधी दोर वळला आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं, ते मलाही कळलं नाही. तिथं मला ओळखणारं कोण होतं? पण जिभेला वळण पडलेलं असतं. मी लट्टू धरला, पलीकडे आकडे फिरायला लागले, आणि हात आपोआप मागे ओढ देऊ लागले. जास्त ओढलं तर पीळ सैल, कमी ओढलं तर गाठी. तू म्हणायचीस, "धर, पण अडवू नको." दोर सारखा आला. तो माणूस भुवया वर करून नातीला काही बोलला. ती म्हणाली, "आजी, पहिल्याच खेपेला असा दोर कोणाला जमत नाही म्हणतो."

"चुकून जमला म्हणा त्याले," मी म्हटलं.

मग त्यानं जुन्या दोराचा एक तुकडा घेतला, पेड उकलले आणि आतला एक रंगीत धागा वर काढून दाखवला. राजाच्या गोदीतल्या प्रत्येक दोरात असा धागा वळलेला असायचा, गोदीगणिक रंग वेगळा. दोर चोरून कोणी विकला तरी टोक उकलून बघितलं की कळायचं, हा कुठला, कोणाच्या हातचा. लोक वा वा करत होते. मी बाहेर येऊन बाकावर बसले. नात धावत आली, "डोळ्याला काय झालं?" मी म्हटलं, "वारा आहे."

माय, तुझा धागा निळा होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला नेसायचीस त्या लुगड्याचा. ते फाटलं तेव्हा तू चिंधीही कोणाला दिली नाहीस. त्याचे धागे काढून ठेवलेस आणि वळलेल्या प्रत्येक दोरात एकेक घातलास. माझ्या लग्नात भांडी मोजकीच होती, पण विहिरीचा दोर तू दिलास. अंबाडी स्वतः भिजवलेली, स्वतः सोललेली. टोक उकलून मला धागा दाखवलास आणि म्हणालीस, "सासरच्या हिरीवर शंभर दोर असतीन. तुहा कोणता, ते तुले कळलं पाहिजे."

वडशाला रेल्वेच्या चाळीत आले तर विहिरीवर सगळ्यांचे नायलॉनचे दोर. हलके, हिरवे-पिवळे, पाणी न पिणारे. माझा भिजला की बोटभर फुगायचा आणि अंबाडीचा कुजका वास सुटायचा. बायका नाकाला पदर लावायच्या. "आली वो दोरवाली, सरका," असं एकीनं म्हटलं आणि ते नावच पडलं. मी सतरा वर्षांची. वर्षभर सोसलं. मग एक दिवस चाळीमागच्या दूधवालीला तो दोर देऊन टाकला. तिनं बदल्यात गुंडीभर ताक दिलं, ते मी तिथंच उभ्यानं प्याले. सासूला सांगितलं, दोर तुटून विहिरीत पडला. दुसऱ्या दिवशी पिवळा नायलॉन आला.

धान निघाल्यावर तू आलीस. डोक्यावर गाठोडं, त्यात लाखोळीची डाळ, मोहफुलं, चार दिवस राहायचे कपडे. मी तुला दारातून येताना बघते आहे, अजूनही बघते. दूधवालीची म्हैस कडुनिंबाला बांधलेली असते. तू थांबतेस. गाठोडं खाली ठेवतेस. दोराचं टोक हातात घेतेस, गुंडाळी सोडतेस, अंगठ्याच्या नखानं पेड फाकवतेस.

"माहा दोर हाय हा," तू मोठ्यानं म्हणालीस. दूधवाली शेणाच्या हातांनी बाहेर आली. "काय वो बाई, म्हैस सोडता काय माही?"

"म्हैस तुमची असन. दोर माह्या लेकीचा हाय. हिरीवरून उचलला काय?"

विहिरीवरच्या बायका बादल्या ठेवून आल्या. सासू दारात येऊन उभी राहिली. दूधवालीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या एका वाक्यानं सगळं मोकळं झालं असतं. पण तिनं सासूला पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाली, "बाजारातून घेतला बाई म्या." माय, त्या बाईनं माझी लाज राखली. मी तुझी राखली नाही.

"बाजारात? मंग माहा निळा धागा बाजारात कसा गेला?" तू धागा वर धरून मला विचारलंस, "पाय वो, तूच पाय. हाच नोहे काय?"

मी पाहिलं. तोच होता. आणि मी म्हटलं, "माय, निळा धागा कोणीबी घालते. माहा दोर त हिरीत पडला. तुले आता बरोबर दिसत नाई."

बायका हसल्या. एक म्हणाली, "म्हातारी म्हशीवर दावा लावून राह्यली बाप्पा!" तू तेव्हा म्हातारी नव्हतीस. आजच्या माझ्या थोरलीपेक्षा लहान होतीस. तू धागा आत दाबलास, पेड मिटवलेस, टोकाची गुंडाळी पुन्हा घट्ट बांधलीस, घाई न करता, जशी घरी बांधायचीस तशी. मग दूधवालीला हात जोडलेस. "चुकलं बाई. हाताले वाटलं, आपलाच हाय." चार दिवसांसाठी आलेली तू दुपारच्या एसटीनं परत गेलीस. डाळ ठेवून गेलीस.

त्यानंतर तू आली नाहीस. थोरली झाली तेव्हा पाळण्याचा दोर पाठवलास, गावच्या माणसाच्या हाती. त्यानं निरोप सांगितला: "मायनं म्हटलं, आता खूण घालणं सोडलं. कोणाले द्यावासा वाटला त खुशाल दे म्हणा." मला वाटलं, डोळे खरंच अधू झाले असतील, बारीक काम जमत नसेल. एवढंच वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या समजुतीचा पीळ सुटायला पन्नास वर्षं आणि साता समुद्रापलीकडचं ते बाक लागलं. तुझे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. सुई तूच ओवायचीस, वहिनीनं मला नंतर सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

दूधवाली दहा-बारा वर्षं शेजारी राहिली. एकदाही तिनं मला टोमणा मारला नाही. तिच्या मयतीला मी गेले, सगळ्यांत जास्त रडले, आणि लोकांना वाटलं, किती जीव होता हिचा.

त्या पाळण्याच्या दोरावर थोरली झोपली, तिची भावंडं झोपली, मला विलायतेला नेणारी ही नातही झोपली. नंतर तो मी पेटीत ठेवला. परत येऊन महिना झाला, माय. या महिन्यात तीनदा पेटी उघडली. दोर मांडीवर घेतला, टोकाच्या गुंडाळीवर नख ठेवलं. तुझीच गुंडाळी, अजून घट्ट आहे. आणि तीनदा तसाच परत ठेवला. आत धागा नसला, तर मी त्या दिवशी कडुनिंबाखाली काय तोडलं ते मला दिसेल. आणि असला, तू निरोप तसा धाडूनही तुझ्या हाताला राहवलं नसलं, तर ते मला कसं पेलवेल?

नातीचा फोन येतो, "आजी, गोदी आवडली ना?" मी म्हणते, जहाजं फार मोठी होती. अजून तिला दोराचं सांगितलेलं नाही. पाकीटही आणलेलं नाही. कागद घडी करून पेटीत दोराखाली ठेवून देते.

माय, आता आपल्या बोलीत एकच सांगतो. मले त्या दोराची गाठ सोडाचा धीर होऊन नाई राह्यला. तूच सांग, धागा टाकला होता का नाई. लवकर लिहिजो वो, म्हणजे मले उकलून पाहा नाई लागन.