बेडकीचे केस

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला, भेटल्यावर कान धर. शाळेच्या इमारतीचं काम घेतलंय. तिसऱ्या मजल्याच्या भिंती चढवतोय, त्यात दिवस कुठे जातो कळत नाही.

आता मुद्द्याचं. आमची बेडकी, म्हणजे तुझी अकरा वर्षांची भाची, रोज तलावावर पोहायला जाते. तिथल्या क्लोरीननं तिचे केस पार झाडूसारखे झालेत. कंगवा अडकतो, टोकं तुटतात. तुझ्या भावजयीनं फर्मान काढलंय की महिनाअखेरच्या पोहण्याच्या संघाच्या निवड चाचणीपर्यंत केस सुधारले तर ठीक, नाहीतर पोहणं बंद. पोरगी म्हणाली, टक्कल करा पण पोहू द्या. त्यावर हिचा पारा आणखीच चढला. तू इतकी वर्षं पार्लर चालवतेस, काहीतरी सुचव. दोघींच्या मध्ये माझं भरीत झालंय.
तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र एका बाईंच्या केसांना रंग लावताना वाचलं. रंग वेळेत धुतला, काळजी नको.

तुझ्याच भाषेत सांगते. वीट लावण्याआधी तू ती भिजवतोस, कारण कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते. केसांचं तेच. पाण्यात उतरण्याआधी नळाखाली चांगले भिजवायचे, म्हणजे ते तलावाचं पाणी कमी पितात. मग फक्त टोकांना चमचाभर तेल, सैल वेणी, वर टोपी. बाहेर आली की तिथेच साध्या पाण्यानं धुवायचे, घरी येईपर्यंत थांबायचं नाही. शाम्पू सौम्य घे. तुटलेली टोकं दोन बोटं कापून टाक, ती काही सांधता येत नाहीत. टक्कल वगैरे काही करायचं नाही.
तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. चमचाभर तेलानं काय होणार, म्हणून मी अर्धी वाटी मुळापासून चोपडलं. हाताला गिलाव्याची सवय, दुसरं काय! पहिल्याच उडीत टोपी सटकली, पाण्यावर तवंग आला आणि पोहणं शिकवणाऱ्या शिक्षिकाबाईंनी सगळ्यांसमोर मला झापलं. बेडकी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता चमचा मोजून चाललंय आणि फरकही पडलाय. कंगवा सरळ उतरतो. पण हिचा चेहरा काही खुलत नाही. केस सुधारले तर हिला बरं वाटायला हवं ना? मला काही उमगत नाही.
तुझा,
धाकटा

३१ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. काल चाचणी झाली. चौघींना घेतलं, आपली पाचवी आली. अर्धा सेकंद कमी पडला.

आदल्या दिवशी मी तिची वेणी सोडून एकेक बट पाहिली. खरं सांगते, खोट काढायलाच बसले होते. केस मऊ, टोकं शाबूत. मला अडवायला कारणच उरलं नाही. वन्सं, मला पाण्याची भीती वाटते. ती बुडी मारून वर येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. केस नुसतं निमित्त होतं. हे मी यांनाही कधी बोलले नव्हते.

काल निकालानंतर तिला सगळं सांगितलं. तिला ते ठाऊक होतं म्हणे. म्हणूनच दर फेरीला काठाशी आली की ती डोकं वर काढून आधी बाकावर बसलेल्या मला बघते, मी घाबरू नये म्हणून. त्यात वेळ जातो म्हणून शिक्षिका तिला महिनाभर रागावत होत्या. मला वाटायचं, मी तिथे बसून तिला सांभाळतेय. ऐकून मला रडू फुटलं आणि तीच मला समजावत बसली.

पुढची चाचणी सहा महिन्यांनी आहे. तोवर मला त्या बाकावरून उठायचंय. मोठ्या बायकांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलंय. सोमवारी पहिला तास. माझे केस नळाखाली भिजवून वेणी ती घालणार आहे, असं तिनंच ठरवून टाकलंय.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
भावजय