दुसरीला शून्य

१२ जुलै, धारगळ
मुलीने पाठवलेला खेळ अखेर उघडला. नकाशा, सात प्रांत, लाकडी सोंगट्या. शेवटी एकेक प्रांत मोजायचा: ज्याच्या सोंगट्या जास्त त्याला पाच गुण, दुसऱ्याला दोन. दोघेच खेळत असतील तर तिसऱ्या रंगाच्या सोंगट्याही मांडाव्यात, असे नियमांत आहे. तो रंग मी खोक्यातच ठेवला. घरात आम्ही दोघी, मी नि नणंद. शालूला म्हटले, दोघींत दुसरी म्हणजे हरलेली. तिला शून्य.
"एक तरी दी गो, वैनी!"
दिला नाही.

१९ जुलै
शालू सगळीकडे थोडे थोडे बसते. एकही प्रांत रिकामा सोडवत नाही तिला. मी तीन सोडते, चारांत तिच्यापेक्षा एकच जास्त ठेवते. वीस-पंधरा. आज सलग चौथ्यांदा.

२ ऑगस्ट
वास्कोहून शालूच्या मुलाचा फोन. बंदरात नोकरी पक्की झाली, आईने आता कायमचे तिकडे यावे. जेवताना एकदम म्हणाली, "वैनी, जाऊ काय रवू?"
म्हटले, "तुझे तू ठरव." तिच्यावर दडपण नको म्हणून.
खरेच त्यासाठी?

५ ऑगस्ट
आज ती हरल्यावर हसून म्हणाली, "तुका एक जास्त गावली की पुरे. त्येच्यावर एक सोंगटी खर्चूक नको."
मीही हसले. नंतर भांडी घासताना आठवत राहिले.

१० ऑगस्ट
गेली. मुलगा न्यायला आला होता. "येतंय हां, वैनी." मी म्हणाले, पोचलीस की कळव. एवढेच. हे गेल्यापासून सहा वर्षे ती या घरात...

१७ ऑगस्ट
पट एकटीनेच मांडला. शेवटचा डाव आठवून गुण लावले. दुसरीचे दोन-दोन धरले असते तर शालू तेवीस, मी वीस. प्रत्येक वेळी.
आठवडाभर शेजारच्या बायका फिरकल्या नाहीत. सगळ्या तिच्याकडेच येत होत्या तर. पाववाला पोदेरसुद्धा पोई देताना विचारतो, "शालूबाय खंय?"

२३ ऑगस्ट
भाच्याचा फोन. "मामी, आईचं शिलाईचं मशीन पाठवून द्या. उद्या धारगळवरून टेंपो येतोय." म्हटले, तिला फोन दे.
"जेवलंस, वैनी?"
रव म्हणायला हवे होते, परत ये म्हणायला. तोंडातून निघाले, "मशीन पाठवू ना?"
मागे कुणाचा तरी टीव्ही.
"तू सांग गो," म्हणाली. "ह्या खेपेक तू सांग."
सकाळी सांगते म्हणून फोन ठेवला. मशीन पुसून घेतले. दाराशी नेले, परत खिडकीखाली आणले. टेंपो नऊला. त्याआधी तिला फोन करून म्हणायचे, परत ये.