रांजणाच्या तोंडाशी ठेवलेली तिवई

मी, एल्गुजा कोबिआश्विली, वय बहात्तर, राहणार अनागा, काखेती, तिब्लिसीच्या एका वाद्यवृंदातील निवृत्त ट्रॉम्बोनवादक व घरच्या द्राक्षबागेचा मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. राग कागदाबाहेर ठेवा, असे वकीलबाई म्हणाल्या. मी ऐकलेले नाही.

१. मैफलीचा काळा कोट बागेतल्या बुजगावण्याला घालावा. द्राक्षतोडणीला एकदाही रजा न देणारे आमचे व्यवस्थापक नाताळात मात्र वाइनसाठी रिकामे कॅन देऊन ड्रायव्हर पाठवायचे. वाद्यवृंदात मी "आपले वाइनवाले" होतो, गावात "बाजावाले". दोन्हीकडे पाहुणाच.

२. ट्रॉम्बोन वाद्यवृंदातला माझा सहवादक नोदार याला द्यावा. तोडणीच्या दिवसांत तो माझ्या जागी तालमीला बसला आणि कधी बोलून दाखवले नाही. माझ्या पुतण्याला ते वाद्य भिंतीवर टांगून बाटल्यांवर त्याचे चित्र छापायचे आहे. टांगू देऊ नये.

३. बाग, रांजणघर व जमिनीत पुरलेले सर्व वाइनचे रांजण माझी मुलगी म्झिया हिला एकटीला मिळावेत. धाकटा भाऊ वाझा म्हणतो, "दादा, पोरगी उद्या नवऱ्याच्या घरी जाणार. बाग आपल्या घराण्यात नको का राहायला?" त्याच्यासाठी कारण लिहून ठेवतो.

रांजण धुवायला आत उतरलेला माणूस गात राहतो. तळाशी जीवघेणा वायू साचलेला असू शकतो. आवाज थांबला की वर तिवईवर बसलेल्याने त्याच्या कमरेला बांधलेली दोरी ओढायची. मी आत गाण्याऐवजी येत्या मैफलीतला ट्रॉम्बोनचा भाग म्हणायचो. तेवढाच सराव. पेन्शनीत गेल्यावरही सवय राहिली. ट्रॉम्बोनच्या भागात विराम लांबलचक असतात.

गेल्या हंगामाआधी मी उतरलो, वर वाझा. विराम आला, मी गप्प झालो, आणि पुढचा सूर निघालाच नाही. म्झिया अंगणात कपडे वाळत घालत होती. लहानपणापासून तिने हा भाग भिंतीपलीकडून ऐकला आहे. विराम संपल्याचे तिला कळले. धावत आली तर तिवई रिकामी. शेजारच्या लामाराला हाक मारून दोघींनी मला वर ओढले. वाझा तेव्हा एका गिऱ्हाइकाला बाग दाखवत होता. माझी बाग.

शुद्धीवर आलो तर तो सगळ्यांना सांगत होता, "मला वाटलं, दादा विराम मोजतोय!"

म्झिया म्हणाली, "काका, बागेच्या टोकाला ऐकू येत होतं का तुम्हाला?"

त्यावर तो म्हणाला, "मोठ्यांशी बोलायची ही रीत?"

४. माझ्या मातीनंतरच्या जेवणात तामादा म्हणून पेले उचलायला लावण्याचा मान वाझाला देऊ नये. तो माझ्याबद्दल चांगले बोलेल, आणि ते मला सहन होणार नाही.

५. ती तिवई मात्र वाझाला देत आहे. त्याने ती आपल्या घरी न्यावी आणि तिथेच बसावे. म्झिया रांजणात उतरेल त्या दिवशी त्याने आमच्या अंगणात पाय ठेवू नये. वर नोदार बसेल. मी त्याला विचारले आहे.

"ती काय गाणार?" तो म्हणाला.

"तिला वाटेल ते. तू जागचा हलू नकोस म्हणजे झालं."

वाझाला चष्म्याशिवाय वाचता यावे म्हणून अक्षर मोठे काढले आहे.

सही: एल्गुजा कोबिआश्विली
साक्षीदार: लामारा गिगाउरी, शेजारीण, दोरी ओढणारी
साक्षीदार: तामाझ खुत्सिश्विली, रांजण घडवणारे
अनागा, ३ ऑक्टोबर २०१९