वाक्य विसरलेली मुलगी

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता विभागात तुमचं नाव घेतलं तर नवी माणसं विचारतात, कोण सर? भिंतीवरचे फोटो रंगकामाच्या वेळी उतरवले, ते परत लागलेच नाहीत. विभागासमोरचा कडुलिंब मात्र आहे. त्याच्याखाली आता सिमेंटचा पार बांधलाय आणि पोरं तिथं बसून मोबाइलवर स्पर्धा परीक्षेची लेक्चरं ऐकतात, खांद्याला खांदा लावून आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता. मी त्याच विभागात शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे उन्हाळा आला की नेमणूक संपते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचं की नाही ते विभागप्रमुख ठरवतात. आज सुट्टी आहे. गारखेड्यातल्या या भाड्याच्या घरात मी एकटी आहे आणि सकाळपासून एका जागी बसवत नाही. कपडे वाळत घातले, वारा आहे म्हणून काढले, पुन्हा घातले. गॅलरीत जाते, आत येते. मागच्या आठवड्यात जे झालं ते कुणाला तरी नीट, पहिल्यापासून सांगायचंय, आणि पहिल्यापासून म्हटलं की तुमच्यापाशीच यावं लागतं.

मी पिशोरहून नुकतीच आलेली, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. तुम्ही आम्हाला समाजशास्त्रात संशोधन कसं करतात ते शिकवायचात. एक दिवस फळ्यावर काही न लिहिता तुम्ही म्हणालात, "जा, विद्यापीठात फिरा. भेटेल त्या पोराला, पोरीला विचारा, इथं कसं वाटतं. जे सांगतील ते घेऊन या." मी मोठ्या हौसेनं गेले आणि सुंदर अक्षरात सगळं लिहून आणलं. 'येथील शैक्षणिक वातावरण प्रेरणादायी आहे.' 'विद्यार्थी जीवन म्हणजे आयुष्यातील सुवर्णकाळ.' तुम्ही भर वर्गात ते वाचलंत, बडीशेप चघळत, अगदी आहिस्ता. मग माझ्याकडं बघून विचारलंत, "अगं, ही माणसं बोलतायत का रेडिओ?" सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. "पुन्हा जा," तुम्ही म्हणालात, "आणि समोरचा बोलायला लागला की मधी त्याला शुद्ध करू नको."

त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता की हॉस्टेलवर जाऊन मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी गेले. कॅन्टीनच्या मागं, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, बसची वाट बघत उभ्या असलेल्यांत. आणि नुसतं ऐकत राहिले तर लोक किती वेगळं बोलतात! परभणीकडचा एक मुलगा चहाचा कप हातात तसाच धरून सांगतोय, "गावात मला बापाच्या नावानं हाका मारत्यात. इथं कुणी वळखत नाय. लई बरं वाटतं." त्याच्याच शेजारचा म्हणाला, "मला तर ह्येच खातंय. आठ-आठ दिवस माझं नाव कुणी घेत नाय." आमच्याच वस्तीतली वाटावी अशी एक मुलगी म्हणाली, गावात घर कुठल्या अंगाला आहे एवढं सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, लोक आपलं आपण समजून घेतात, इथं झाडाखाली कितीही वेळ बसा, कुणी विचारत नाही कुणाची कोण. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, कारण मला तेच वाटत होतं आणि मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी मी माझ्या खोलीतल्या मुलीला विचारलं. फर्दापूरची होती. तिचे वडील लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना रंगीत दगड आणि लेण्यांची चित्रं विकायचे. आमच्याच वर्गात, सगळ्यांत मागच्या बाकावर. ती "बरंय" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मी तुम्हाला येऊन तसंच सांगितलं, बरंय म्हणाली. तुम्ही विचारलंत, "बरंय म्हणणारं माणूस बोलताना तुझ्याकडं बघत होतं का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग रविवारी दोघी घरी या जेवायला."

तुमचं घर तेव्हा इथंच गारखेड्यात होतं, या गॅलरीतून दिसतं त्या पाण्याच्या टाकीच्या पलीकडं. काकू नातेवाइकांकडं गेलेल्या, आणि तुम्ही स्वतः स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलताय. आमच्या वडिलांना मी कधी लसूण सोलताना पाहिलं नव्हतं. आम्ही दारातच उभ्या. तुम्ही म्हणालात, "उभ्या काय ऱ्हायल्या? भाकरी मला येत नाय, त्या तुम्ही करा." ती पुढं झाली, बाजरीचं पीठ परातीत घेतलं आणि मळायला लागली. हात कामात गुंतले तसं तिचं तोंड सुटलं. तुम्ही काही विचारलंही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात वर्गात तिनं तुमच्या प्रश्नाला "व्हय सर" म्हटलं होतं, आणि पुढच्या बाकावरच्यांनी नक्कल केली होती. दिवसभर, कॅन्टीनपर्यंत, "व्हय सर, व्हय सर." तेव्हापासून ती वर्गात बोललीच नाही. "सर, मी ल्हानपणापासून लेण्यांवर येनाऱ्या जपानी माणसांशी बोलते," ती म्हणाली, मान खाली घालून, भाकरी थापता थापता. "त्यांचं नमस्कार, थांबा, बघा, सगळं येतं मला. तिकडं कधी लाज वाटली नाय. इथं मराठी बोलायची लाज वाटती." मग तव्यावर भाकरी टाकून तिनं सांगितलं, वडिलांना, आप्पांना, बोलावून घेतलंय. ते मंगळवारी येणार आहेत, सामान न्यायला.

मला वाटलं, तुम्ही आता तिला समजावाल. शिक्षणाचं महत्त्व, तिच्या घरातली पहिली शिकणारी मुलगी, असं काहीतरी. तुम्ही फक्त म्हणालात, "भाकरी फुगली बघ." आणि जेवताना तिला अजून वाढलंत. परत येताना सिटी बसमध्ये मी तुमच्यावर चिडले होते. ती चाललीय आणि ह्यांना भाकरीचं पडलंय!

मंगळवारी तिचे आप्पा खरंच आले. पांढरं धोतर, डोक्याला बांधलेली टापशी, हातात पिशवी. त्यांनी हॉस्टेलवरून तिची ट्रंक उचलून आणली आणि विभागाच्या व्हरांड्यात ठेवून तिच्यावरच बसले. तुम्ही त्यांना रामराम केलात, म्हणालात, "एवढा एक तास हू द्या, मग न्या." आणि वर्गात आलात. वेळापत्रकात तास कसला होता ते आठवत नाही, पण तुम्ही सुरुवात केलीत ती तुमच्या आईच्या बोलीत. जालन्याकडची, खेड्यातली. "पोरंहो, आज म्या तुमाला माह्या मायच्या भाषेत शिकविणार हाय." आधी सगळे हसले. तुम्ही थांबला नाहीत. सगळा तास तसाच. जात कशी टिकते, गाव कसं बोलतं, माणूस शहरात आल्यावर आधी काय लपवतो. हसू केव्हा थांबलं कळलंही नाही. मधेच पुढच्या बाकावरच्या, नक्कल करणाऱ्यांतल्याच एका मुलानं त्याच्या घरचा शब्द वापरून प्रश्न विचारला, आणि मग मागून तिचा आवाज आला. "सर, लपिवलेलं मग परत कसं काढायचं?" तुम्ही खडू खाली ठेवलात. म्हणालात, "असंच. आत्ता काढलंस तसं."

तास संपल्यावर ती बाहेर गेली. मी दारात होते म्हणून ऐकलं. "आप्पा, तुमी जावा. मी ऱ्हाते."

"आन् ट्रंक?"

"ऱ्हाऊ द्या."

"माय, तू तर म्हनली करमंना."

"आजून बी करमत नाय," ती म्हणाली, "पण ऱ्हाते."

आप्पा ट्रंकेवरून उठले. मग ट्रंक पुन्हा खांद्यावर घेतली आणि हॉस्टेलकडं चालायला लागले. ती दोन वर्षं राहिली, पास झाली. आता कन्नडला एका कॉलेजात शिकवते. तुमच्या मयतीला आम्ही दोघी एकत्र आलो होतो.

आता मागच्या आठवड्याचं. विद्यापीठ कसं चाललंय ते तपासायला बाहेरून एक समिती आली. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, विद्यार्थ्यांशी संवाद ठेवलाय. बोलणारी मुलं निवडा. पण नीट बोलणारी. काय बोलायचं ते तुम्हीच तयार करून द्या, तुमची भाषा चांगली आहे." मी दिलं तयार करून. एकेकाला एकेक वाक्य. पाठ करून घेतलं, सावकाश म्हणा, हसून म्हणा, हेही सांगितलं. नेमणुकीचे दिवस जवळ आलेत सर, आणि घरमालकाला कारणं चालत नाहीत.

सभागृहात समितीतल्या एक वयस्कर बाई मधोमध बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, इथलं जीवन कसं आहे, मोकळेपणानं सांगा. मुलं उठायला लागली. ग्रंथालय समृद्ध आहे. परिसर निसर्गरम्य आहे. प्राध्यापक सदैव मार्गदर्शन करतात. बाई मान डोलवत लिहून घेतायत. मग हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी उठली. बारीकशी, वर्गात फारसं न बोलणारी. तिला मी मुद्दामच सोपं वाक्य दिलं होतं, 'वसतिगृहात घरच्यासारखी काळजी घेतली जाते.' ती "वसतिगृहात" म्हणाली आणि थांबली. पुन्हा "वसतिगृहात" म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, वाक्य विसरले."

सगळे हसले. विभागप्रमुखही हसले, "घाबरली, घाबरली. बस बेटा." ती बसायला लागली. आणि मी मागच्या रांगेतून उठले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "ती घाबरलेली नाही. वाक्य मी दिलं होतं तिला. सगळ्यांनाच मी दिलीत. आता तिचं तिला बोलू द्या."

विभागप्रमुखांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. समितीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या मुलीला म्हणाल्या, "बोल बाळ."

ती उभी राहिली, पण पुढच्या खुर्चीची पाठ धरून. "मला विद्यापीठ आवडतं," ती म्हणाली. "गावाकडं मला एवढं मोकळं चालायला पण मिळत नाही. पण दिवाळीनंतर मला ताप आला होता. आठवडाभर मी खोलीतच होते. माझी रूम पार्टनर गावी गेलेली. कुणाच्या लक्षात नाही आलं. बरी होऊन वर्गात आले तर कळलं, मैत्रिणीनं चांगल्या मनानं माझी हजेरी लावली होती रोज. म्हणजे मी इथंच होते. सगळ्यांसाठी मी रोज आलेली होते." एवढं बोलून ती बसली. रडली नाही. पण तिच्या शेजारची, ती हजेरी लावणारीच असणार, ती रडायला लागली.

त्यानंतर ओळीनं कुणी बोललंच नाही, सगळे एकदमच बोलायला लागले. रीडिंग हॉलमध्ये जागा धरायला पहाटे उठावं लागतं, असं एकानं रागानं सांगितलं, आणि लगेच म्हणाला की त्या रांगेतच त्याला त्याचे सगळे दोस्त भेटले. निकाल उशिरा लागतात. मेसमधली डाळ. एक मुलगी म्हणाली, "माझ्या घरात मला विचार करायला कोपरा नव्हता. इथं आहे. हे लिहा तुम्ही. हे कुणी मला पाठ करायला नाही दिलेलं." तुम्हाला आवडलं असतं सर. पाठ करून घेतलेल्या कौतुकापेक्षा हे किती तरी जास्त कौतुक होतं, आणि ते तक्रारींच्या मधोमध येत होतं, कुणी न मागता.

समितीनं काय लिहिलं ते अजून कळलेलं नाही. विभागप्रमुख माझ्याशी बोलत नाहीत. परवा जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षीचं बघू." ते कसं म्हणाले, त्याचा अर्थ काय, याचाच विचार मी तेव्हापासून घरभर फिरत करतेय. हॉस्टेलच्या मुलींनी मात्र आपसात ठरवून टाकलं. सकाळी मेसला जाताना मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवून जायचं. त्यासाठी त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही. त्या मुलीनं मला काल सांगितलं, "मॅडम, आता झोपू पण देत नाहीत," आणि ते सांगताना हसत होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट सांगून थांबते. माझ्याबरोबर शिकवणारी एक तरुण सहकारी त्या दिवशी मला बाहेर गाठून म्हणाली, "एवढी हिंमत कुठून आणलीत?" मी म्हटलं, आमचे सर होते, त्यांनी शिकवलं. तिनं ते सगळ्यांना सांगितलं. आता कॅन्टीनमध्ये पोरं तुमच्याविषयी विचारायला लागलीत, आणि मी त्यांना लसणाचं, भाकरीचं, त्या तासाचं सांगते. ते सगळं खरं आहे. पण मी उठले तेव्हा मला तुमची आठवण आली नव्हती, सर. ती मुलगी खाली बसत होती आणि मला ते बघवलं नाही, एवढंच. तुम्ही आठवलात ते संध्याकाळी, घरी येऊन चपला काढताना.