छातीवरचा हात

४ सप्टेंबर
आणि वर दादाच म्हणतो, मी ऐकून घेत नाही. फोन त्याने आपटला, मी नाही. घोडी माझ्यापायी गेली हे दर वेळी ऐकवायलाच हवं का? गावाहून इथे कामाला यायच्या खर्चासाठी बाबांनी ती शिंगरासकट गावच्या सूयुनला विकली. मी विका म्हटलं नव्हतं. आता सूयुन म्हणतो, परत हवी तर बर्फ पडायच्या आत सहा लाख तेंगे आणा, नाहीतर हिवाळ्याच्या मांसासाठी कापतो.

कॅसिनोच्या मोरीत भांडी घासून सहा लाख कधी होणार? म्हणून आज वर जाऊन नाव दिलं. पत्ते वाटणाऱ्याला दुप्पट पगार आहे.

५ सप्टेंबर
शिकवणी सकाळी, टेबलं रिकामी असताना. शिकवणारीला सगळे रिम्मा आपाय म्हणतात, म्हणजे मोठी ताई — कोरियन बाई, पन्नाशीची, इथलीच. खेळ ब्लॅकजॅक. एकवीसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, वर गेलं की मेलं. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे.

"आणि एक्का?" मी विचारलं.

"एक्का म्हणजे माझी सासू. सोयीने एक, सोयीने अकरा."

सगळे हसले. मीही, जरा उशिरा.

१२ सप्टेंबर
बेरीज जमत नाही. ओठ हलतात. आपाय म्हणाली, "मेंढ्या मोजतोयस का?" म्हटलं, मेंढ्या मोजत नाही, नुसत्या बघतो, कमी असली तर कळतं. मग म्हणाली, "तर पत्तेही तसेच बघ. सहा आणि पाच दिसले की अकरा दिसले पाहिजेत."

पाय सुजलेत. सकाळी पत्ते, संध्याकाळी भांडी.

१९ सप्टेंबर
मला वाटायचं, वाटणारा हुशार लागतो. तसं काही नाही. पत्ता घेऊ का थांबू, हा विचार खेळणाऱ्याने करायचा. मी सोळापर्यंत घ्यायचा, सतराला थांबायचं. समोर वीस दिसत असले तरी थांबायचं. "तुझं डोकं कुणी मागितलेलं नाही," आपाय म्हणते. "हात दे फक्त."

घरचे म्हणतात, आमचा कुबात एका जागी टिकत नाही. येऊन बघा म्हणावं.

२५ सप्टेंबर
आज हातांचे नियम. तळवे दाखवल्याशिवाय स्वतःच्या अंगाला शिवायचं नाही. नाक खाजलं तरी आधी दोन्ही हात उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे. पैशांच्या चकत्या, म्हणजे चिपा, लपवायला जागा नको म्हणून गणवेशाला खिसेच नाहीत.

८ ऑक्टोबर
पास झालो. "बरा निघालास रे मेंढपाळा," आपाय म्हणाली. दादाला सांगितलं, या महिन्याचा पगार धरला की सहा लाख होतात, सूयुनला थांबव. आज तो पहिल्यांदा नीट बोलला. घोडी मला ओळखेल का विचारलं, तर हसला.

१५ ऑक्टोबर
घात झाला.

दुपारी माझ्या टेबलावर एक म्हातारा येऊन बसला. पांढरी दाढी, डोक्यावर आमच्याकडची नमद्याची टोपी. मी हरलेल्यांच्या चिपा गोळा करत होतो. तो बसला आणि माझा उजवा हात सरळ छातीवर. सलाम म्हणालो, मान झुकवली. वडीलधारा समोर आला की हात जातोच, पाळण्यातून उतरल्यापासून जातोय. मुठीत तेव्हा चिप होती का, मलाच आठवत नाही.

टेबल बंद. टेबलांवर देखरेख करणाऱ्या येरसायन साहेबाने आतल्या खोलीत नेलं. शर्ट काढायला लावला, बूट काढायला लावले. काही निघालं नाही. म्हातारा दाराशी येऊन भांडत होता — "अरे, पोराने मला सलाम केला. चोरी कसली त्यात?"

"कळतं मला, अक्साकाल," येरसायन म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला मानाने म्हणतात तसं. "कॅमेऱ्याला वडीलधारे कळत नाहीत."

हे बोलताना त्याचा स्वतःचा हात छातीवर होता.

आपायने शब्द टाकला म्हणून नोकरी राहिली. अर्धा पगार दंड. सहा लाख होत नाहीत आता.

१६ ऑक्टोबर
आपायने एकट्याला बोलावलं. समोर येऊन बसायची, सलाम म्हणायची, उठायची, परत बसायची. माझा हात उठला की बोटांवर लाकडी पट्टी. "डोळ्यांनी कर सलाम, हाताने नको." पट्टी मारताना ती माझ्याकडे बघत नव्हती. जेवणाच्या सुमारास हात टेबलावरच राहायला लागला.

दादाला दंडाचं सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला.

२ नोव्हेंबर
तिकडे बर्फ पडला म्हणतात. दादा फोन उचलत नाही.

९ नोव्हेंबर
आज बाबांचा फोन, चेहरा दिसणारा. सलाम म्हणालो. ते थांबून बघत राहिले. मग म्हणाले, "हाताला काही लागलंय का रे?" खाली पाहिलं. दोन्ही हात टेबलावर, पसरलेले. काही नाही म्हटलं.

घोडी परवाच कापली, बाबा म्हणाले. तिचं शिंगरू अजून सूयुनच्या दावणीला आहे. ते सोडवायला उद्या पाठवतोय — दोन लाख दहा हजार तेंगे.