खिडकीपाशी काढलेला फोटो

पत्रकार बाई,

तुमच्या पेपरात माझा फोटो पाहिला. खिडकीपाशी उभी, ओढणीनं चेहरा झाकलेला, वर मथळा ‘मूक वेदना’. अहो, सलग दोन तास बोलले होते मी तुमच्याशी! हॉस्पिटलात एक्स-रे काढते हे सांगितलं. वडिलांच्या घरातला जो हिस्सा आमच्या धर्मानंच मुलींना दिलाय, तो भाईजाननं नाकारला, मी चार वर्षं केस लढले आणि जिंकले, हेही सांगितलं. त्यातलं एक अक्षर छापलं नाहीत.

एक कबूल करते. एरवी मी चेहरा झाकत नाही. तुमचा फोटोग्राफर म्हणाला, “ताई, ओढणी जरा तोंडावर घ्या, फोटो उठून दिसेल.” आणि मी मुकाट्यानं घेतली. स्वतःचाच राग येतो.

माझी धाकटी बहीणही तिच्या हिश्शासाठी अर्ज करणार होती. भाईजाननं तिच्यापुढे तोच पेपर टाकला. “बघ, तुझ्या आपानं घराची अब्रू चव्हाट्यावर आणली.”

काल मी तिच्याकडे जाऊन कोर्टाचा निकाल शब्दन् शब्द वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आपा, भाईजानशी मी भांडेन गं. पण उद्या मलाही असंच बिचारी करून छापलं तर?”

तिनं अर्जाची घडी घातली आणि कपाटात साड्यांखाली सरकवली.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही यातलीही फक्त ओढणीच छापाल.

तुमच्यावर चिडलेली,
एक मोठी बहीण