चॉकलेट बंद

यावल, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी धुळ्याहून मेघाचा फोन. माझ्या लेकीने हॉस्टेलवर चॉकलेट सोडलंय. त्यातला कोको आफ्रिकेत लहान मुलं कोयत्याने काढतात, म्हणाली. आई, तूही आणू नकोस. अभिमान वाटला मला. खरंच वाटला.

आज आमच्या बागेत केळीची कापणी होती. कापणी झाली की मजुरांच्या पोरांना मी एकेक चॉकलेट देते, नेहमीच. आज दिलं नाही. त्यांच्यातली रेखा हात पुढे करून उभी राहिली. तळहात केळीच्या चिकाने काळा. ट्रॉलीत घडांखाली अंथरायला सकाळपासून पानं ओढत होती ती. वय काय असेल? नऊ? कधी विचारलंच नाही.

तिची आई म्हणाली, "अक्का, आज नही का?"

"चॉकलेट चांगलं नसतं," मी म्हणाले. का, ते सांगता येईना.

रेखाने हात फ्रॉकला पुसला. तो चीक निघत नाही, मला माहीत आहे.

आत्ता मेघाला मेसेज केला, आपल्याकडे चॉकलेट बंद. ती खूश झाली. त्या काळ्या हाताचं काही लिहिलं नाही.

उद्या वरचा पट्टा कापायचा आहे. पानं लागतीलच.